धुतलेली अक्षरं

जिवलीच्या मनात पाप नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी तिला शिव्या घालायला नको. घालायच्या तेवढ्या त्या दिवशी घरच्यांनी घालून झाल्या.

सुताराच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजतात, आणि त्याआधी ती थोरल्या सुनेनं धुवायची असतात. किन्हवलीच्या त्या घरात बाईजाच्या सासूनं धुतली, मग बाईजानं, आणि बाईजाच्या थोरल्या मुलाची, धोंडीची बायको जिवली अकरा वर्षं धूत आली होती. वाकस, करवती, रंधे, पटाश्या, सगळं घंगाळात घालायचं, राखेचं कढत पाणी ओतायचं. सदतीस सालच्या नवमीआधी पडवीत धाकट्या दिराची, कमळाकराची खोकी होती. खोक्यात छापायची, वीतभर मोठी बेचाळीस लाकडी अक्षरं, उमटवून बघताना काजळी लावून लावून काळीकुट्ट झालेली. जिवलीला वाटलं, ही पण हत्यारंच. एवढी मळकी देवापुढं कशी मांडायची? तिनं ती सप्तमीच्या संध्याकाळी घंगाळात टाकली, अष्टमीच्या सकाळी काढून घासली, पुन्हा चांगल्या पाण्यात बुडवली आणि अंगणात बांबूच्या तट्ट्यावर उन्हात पसरली. वर कौतुकानं शेजारणीला दाखवलीसुद्धा.

कमळाकर तेव्हा मुरबाडला, बायकोला माहेराहून आणायला गेला होता. नवमीच्या सकाळी पारूला घेऊन अंगणात शिरला आणि पाय धुवायच्या आधीच त्याची नजर तट्ट्यावर गेली.

"वयनी!"

"काय वो भावोजी, आल्या आल्या वरडताव?"

"माझी अक्षरं हितं कशी आली?"

"मीच घातली वाळत. बगा कशी पिवळीधमक निघाली! दोन पाण्यांतून काढली."

"पाण्यातून?"

कमळाकरानं पहिलं हाताशी आलं ते अक्षर उचललं. 'फ' होता. उचलला तसा मधोमध दुभंगला, एक तुकडा हातात राहिला, एक तट्ट्यावर. 'ड'ला वरपासून खालपर्यंत चीर गेलेली. बाकीची फुटली नव्हती, पण कोणी फुगलं होतं, कोणी पाठीतून वाकलं होतं. छापायची अक्षरं सगळी एका उंचीची लागतात. एक केसभर वर आलं तर कागद फाडतं, एक केसभर खाली राहिलं तर उमटतच नाही. अकरा महिने तो ती उंची सांभाळत बसला होता.

"लाकडाला पानी घालतात का गो?" त्याचा आवाज चिरकला. "सुताराच्या घरात अकरा वरसं हायस ना?"

"मग नांगराला पानी लागत नाय काय?" जिवलीही चिडली. "चाक तर आमी वढ्यात बुडवून ठेवताव! मला काय ठावं तुमची लाकडं वेगळी? कधी सांगितलंत? त्या खोक्याला हात लावू नको म्हणून एक सबूद?"

सांगितलं नव्हतं, हे खरंच होतं. कमळाकराला आपलं काम घरात कोणाला समजावून सांगायची सवय नव्हती. सांगितलं की हसत. म्हणून तो जास्तच संतापला.

पारूनं गाठोडं खाली टाकलं आणि बोलायला सुरुवात केली. माहेराहून आलेली बाई पहिले दोन दिवस कोणाला भीत नाही. "थोरल्या बाय, आमच्या नवऱ्याचं बरं व्हायला लागलं की तुमच्या पोटात दुखतं, हे मला ठावं हाय. पन देवाच्या नावानं करायचं?"

"माज्या पोटात दुखतं? मुडदा पडो तुज्या जिभेवर! तू माहेराला लोळत व्हतीस तवा ह्याच्या अक्षरांना काजळी कोन करून देत व्हतं?"

"बास!" आतून धोंडी आला. आंघोळ झालेली, कपाळाला गंध. "सनाच्या दिवशी कसली कावकाव लावलीय?"

कमळाकरानं 'फ'चा तुकडा त्याच्यापुढं धरला. धोंडीनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि पहिली गोष्ट त्याच्या तोंडून निघाली ती अशी, "मी तुला म्हटलेलं, हेदाचं लाकूड उभ्या शिऱ्यानं घे. आडवा घेतलास ना?"

"दादा, मी काय सांगतो नि तू काय बोलतोस!"

धोंडीचा त्या अक्षरांवर पहिल्यापासून राग. त्याला वाचता येत नव्हतं, पण अक्षर कसं दिसतं ते माहीत होतं: तलाठ्याच्या कागदावर असतं तसं, बोरूनं काढलेलं, कुठं जाड, कुठं बारीक. कमळाकराच्या अक्षराला ते काहीच नाही. सगळीकडून सारखं जाड, टोकं गोल, एकही कोपरा नाही. धोंडी म्हणायचा, हे अक्षर हाय का बाळसं धरलेलं पोर? कमळाकराला ती कल्पना म्हसा गावच्या जत्रेत सुचली होती. कुस्त्यांचा कागद झाडाला डकवला होता आणि दहा पावलांवरून बारीक रेघा गायब, नुसती जाड उरलेली. लोक जवळ जाऊन नाक लावून वाचत होते. बैलगाडीत बसलेल्याला गाडी न थांबवता वाचता आलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. ते शहापूरच्या छापखान्याचे मालक दिघे यांना पटलं. मोठी अक्षरं त्यांना दरवेळी मुंबईहून मागवावी लागत. त्यांनी शब्द दिला: दसऱ्याला यंत्राची पूजा झाली की पहिला कागद तुझ्या अक्षरांचा काढू, 'कुस्त्यांचा फड'. साफ उमटला तर छापखान्यात कायमची जागा. नाही उमटला तर राम राम.

आणि घरात दुसरा शब्द होता, धोंडीला दिलेला. गावाचे नांगर, कुळव, गाड्या एकट्यानं ओढून धोंडीची पाठ वाकली होती. "यंदाच्या दसऱ्यापर्यंत खेळ," त्यानं सांगितलं होतं, "मग मुकाट वाकस हातात घ्यायचा. परत अक्षराचं नाव नाय."

"उद्या दसरा," कमळाकर म्हणाला. "आज मला 'फ' नि 'ड' नवे कापायला पायजेत. बाकीच्यांच्या पाठी घासून सारख्या करायला पायजेत. पटाशी दे."

सगळ्यांनी चमकून त्याच्याकडं पाहिलं. कारण ओसरीवर पाट मांडलेला होता, पाटावर हत्यारं, हत्यारांना हळदकुंकू लागलेलं, झेंडू वाहिलेला. नवमीला पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी पूजा हलवेपर्यंत उचलायचं नसतं. ह्या घरात ते कोणी उचललं नव्हतं. धोंडीचा बाप वारला त्या दिवशी तिरडीचे बांबूसुद्धा शेजाऱ्याच्या कोयत्यानं तोडले होते, कारण ती नवमी होती.

"नाय," पाटाशेजारी बसलेली बाईजा म्हणाली.

"आये, अगो—"

"नाय म्हटलं ना. हत्यार आज देव हाय. माज्या जिवात जीव हाय तवर नाय."

"मग माझं काय?"

"तुजं काय! दोन हात हायत, भाव हाय, गाव हाय. छापखाना नाय मिळाला तर काय वाघ खानार हाय?"

बाईजाचं पोटातलं दुखणं वेगळं होतं, ते ती बोलली नाही. धाकटा शहापूरला गेला की पारू जाईल, मग पोरंबाळं तिकडंच होतील, आणि ह्या ओसरीवर आपण नि धोंडीच्या शिव्या. अक्षरं फुटली हे कळल्यावर तिला आधी हायसं वाटलं होतं. मग पोराचं तोंड बघून स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून ती अधिकच अडून बसली. माणूस असाच असतो, त्याला काय करणार.

जिवली हे सगळं दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. तिला रडू येत होतं आणि रडू येतंय ह्याचा राग येत होता. सगळ्या जगानं मिळून तिला कैदाशीण ठरवलं होतं, आणि नवरा उभा राहून लाकडाच्या शिऱ्यावर बोलत होता! ती तरातरा पाटाशी गेली, खाली वाकली आणि गोल पटाशी उचलली.

"जिवले!" बाईजा किंचाळली.

"ही पुजायची राहिलीय," जिवली म्हणाली.

"कशी राहील? मी माज्या हातानं कुंकू लावलंय तिला!"

"कुठं हाय कुंकू?" जिवलीनं सगळ्यांसमक्ष, ढळढळीत, पटाशीचं पातं पदराला पुसलं. पदरावर लाल पट्टा उठला. तिनं पटाशी सासूच्या डोळ्यांपुढं धरली. "बगा. कोरी हाय. लावलंच नव्हतं तुमी."

बाईजानं पटाशीकडं पाहिलं, पदराकडं पाहिलं, सुनेच्या तोंडाकडं पाहिलं.

"डोळ्यांनी मेलं हल्ली काय दिसत नाय," ती शेवटी म्हणाली आणि तोंड भिंतीकडं फिरवून बसली. "राहिली असंल. पन एकच हां! रंध्याला, करवतीला हात लावाल तर याद राखा."

पारू आतापर्यंत शिव्या जुळवत होती, ती वरमली. आत गेली आणि मसाल्याचा पाटा ओढत बाहेर आली. त्यावर बारीक वाळू पसरली. "थोरल्या बाय, तुमी त्या अंगाला बसा," ती म्हणाली. जिवली फणकाऱ्यानंच बसली, पण बसली. दोघींनी मिळून अक्षरांच्या पाठी घासायला घेतल्या. कमळाकर दर दोन अक्षरांनी येऊन पट्टी लावून उंची बघायचा आणि ओरडायचा, "पुरे! पुरे! जास्ती खाल्लंत!" तिसऱ्या वेळी जिवली म्हणाली, "भावोजी, गुमान तुमचं बगा, नायतर परत घंगाळात टाकीन," आणि पारूला हसू आवरेना.

पण त्याचं त्याला होत नव्हतं. हेदाचे रंधलेले सुके तुकडे घरात दोनच उरले होते, दोन अक्षरांपुरते. एकावर त्यानं अक्षर आखलेला कागद उलटा चिकटवला, कारण छापायचं अक्षर उलटं कापावं लागतं, आणि 'फ'ची गोलाई कापायला घेतली. एरवी एका अक्षराला तो चार दिवस घेई. आज संध्याकाळपर्यंत दोन. डोकं तापलेलं, आणि वाचता येणाऱ्या माणसाची खोड अशी की उलटं अक्षर दिसलं की मन ते सुलटं करू बघतं. पटाशी एकदा घसरली. दुसऱ्यांदा घसरली, तेव्हा रेघेच्या अगदी कडेपर्यंत गेली.

धोंडी पायरीवर बसून तंबाखू मळत होता. बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. पण सुताराला शेजारी कोणी वाईट पटाशी चालवत असेल तर ते कानाला कळतं.

"अरे, शिऱ्याच्या उलटी लावतोस!"

कमळाकरानं पटाशी तशीच पुढं रेटली.

"आता ढलपी निघंल. निघंल बग. आई ग्गं... हात कुठं ठेवलास? रांधतोस का कापतोस?"

"तू बोलू नको दादा, हात जोडतो!"

"न बोलू कसं? बघवत नाय मला!" धोंडी उठला. तळहातावरचा चुना-तंबाखू झटकून टाकला, ह्याचंही त्याला वाईट वाटलं, आणि भावाच्या हातातून पटाशी हिसकावून घेतली. "सर. सर म्हनतो ना! अकरा महिने कापतोय नि अजून मूठ धरता येत नाय."

"दादा, हा 'फ' हाय. बघ, हितून गाठ घेऊन—"

"मला नको सांगू 'फ' नि 'ब'. रेघ कुठं संपते तेवढं दाखव."

धोंडीनं वीस वर्षं गाडीच्या चाकांचे पुठ्ठे, म्हणजे कडेचे बाकदार लाकडी तुकडे, कापले होते. पुठ्ठ्याची गोलाई जरा चुकली तर चाक रस्ताभर ओरडतं आणि गाडीवाला सुताराच्या आईचा उद्धार करतो. त्या हाताला हा 'फ' म्हणजे लहानसा पुठ्ठाच. त्याला अक्षर दिसतच नव्हतं, उलटं ना सुलटं. नुसती वळणं दिसत होती. पटाशी लाकडात अशी फिरायला लागली की कमळाकर पुढं सरकून बघायला लागला. टोकाशी आल्यावर धोंडी श्वास धरायचा, मनगट वळवायचा, आणि गोल टोक एका दमात सुटून यायचं. तोंडानं मात्र चालूच, "कसली ही अक्षरं! ना शेंडा ना बुडखा. कोपरा कसा तो नाय कुठं. मानसानं नख टेकवायचं तरी कुठं?"

दिवेलागणीच्या आत 'फ' झाला, 'ड' झाला. कमळाकरानं दोन्ही हातात घेऊन अंगठा फिरवला. कुठं अडला नाही. त्याला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण आपण आखलेलं अक्षर आपल्या डोक्यात होतं तसं पहिल्यांदाच दिसत होतं, आणि ते आपण कापलेलं नव्हतं.

"बरे झालेत," तो म्हणाला.

"बरे!" धोंडीनं पटाशी आपटून ठेवली. "मायला, बरे म्हने."

पहाटे त्यानंच गाडी जुंपली. कशाला येतोस म्हटल्यावर म्हणाला, तुझ्या हातात बैल दिले तर शहापूरऐवजी कसाऱ्याला पोचशील.

छापखान्यात पूजा झालेली होती, यंत्राला आंब्याचं डहाळं बांधलं होतं. धोंडी बैलांपाशी बाहेरच थांबला. दिघ्यांनी अक्षरं जुळवली, जी खाली बसत होती त्यांच्याखाली कागदाच्या घड्या सारल्या, शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवून दांडा ओढला. कागद उचलला तेव्हा कमळाकरानं डोळे मिटून घेतले होते.

"उघड की डोळे," दिघे म्हणाले. कागद भिंतीला लावून ते उलट्या पावलांनी दारापर्यंत गेले, तिथून वाचलं. "कुस्त्यांचा फड. वा! आंधळ्यालासुद्धा दिसेल." मग जवळ आले, चष्मा वर केला, कागदाशी नाक नेलं. "बाकीची अक्षरं ठीक आहेत. कडा कुरतडल्यासारख्या वाटतात, पण चालतील. ही दोन मात्र... ह्या 'फ'ची गोलाई बघ. हा 'ड' बघ. साच्यात ओतल्यासारखा. ही कोणी कापली?"

कमळाकराला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्याला पुष्कळ काही दिसलं. जागा एकच होती.

"मीच," तो म्हणाला.

"मग सगळी अशी का नाही कापलीस?"

"ती आधीची हायत. ही कालची. आता हात बसलाय."

"शाबास! मग जागा तुझी. कार्तिकापासून ये. पण सगळी अशी पाहिजेत बरं का, ह्या दोघांसारखी."

तो बाहेर आला तेव्हा धोंडी बैलांना पेंढा घालत होता. "झालं?" त्यानं पाठ न वळवता विचारलं.

"झालं. जागा मिळाली."

"बरं झालं बाबा. सुटलो तुज्या कटकटीतून." मग थोडं थांबून, उगाच बैलाच्या पाठीवरची धूळ झटकत, "ती दोन कशी उमटली?"

कमळाकराला खोटं एकदाच बोलता यायचं, दुसऱ्यांदा जमायचं नाही. "मालकांना तीच आवडली. कोणी कापली म्हणाले."

"मग?"

"मी म्हटलं, मीच."

धोंडीचा हात थांबला. तो आता ओरडेल, पेंढा तोंडावर फेकेल, ह्या तयारीनं कमळाकर उभा होता. पण तो ओरडला नाही.

"कशाला?"

"त्यांनी तुला घेतलं असतं, दादा. जागा एकच हाय."

"मी येनार व्हतो काय? गावाचे बारा नांगर पडलेत माज्याकडं. घर हाय, आये हाय. मी नायच म्हटलं असतं." धोंडी वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि कमळाकराला तेच सहन होईना. "पन मला विचारू तरी द्यायचं व्हतंस रे. वीस वरसं झाली, चाक मोडलं की मानूस येतो, नांगर तुटला की येतो. ये बाबा आमच्याकडं, तुजा हात चांगला हाय, असं कोनी म्हटलं नाय मला. एकदा कोनी म्हनत व्हता, तर तू मधीच गिळलंस."

 कमळाकर मागं फिरला आणि छापखान्याच्या पायऱ्या चढून आत गेला. आतलं बोलणं बाहेर ऐकू आलं नाही. दिघ्यांचा आवाज एकदा चढला, मग उतरला. थोड्या वेळानं ते हाताची शाई पुसत बाहेर आले, त्यांच्यामागं मान खाली घातलेला कमळाकर.

"तुम्ही का ते?" दिघे म्हणाले. "धोंडीबा, ती अक्षरं तुम्ही कापलीत म्हणे. तुमच्यासारखा हात मी मुंबईतही पाहिला नाही. याल का आमच्याकडं?"

धोंडीनं डोक्याचा पटका सोडला. झटकला. पुन्हा सावकाश, एकेक पेच नीट बसवत बांधला. रस्त्यावरून सोनं द्यायला निघालेली माणसं जात होती, दिघे उन्हात उभे होते, आणि कमळाकर एकेक पेच मोजत होता.

"विचार करून सांगतो," धोंडी म्हणाला.